चौथा पाय

आधी ऐकू आलं, दिसलं नंतर.
पहाटे बादली घेऊन गेले तर ठिपकी उठली
आणि कोब्यावर वाजलं
टप्, टप्, टप्,
चौथ्या ठिकाणी
नुसता सुस्कारा.

त्या दिवशी दूध दीड लिटर कमी भरलं.
यांनी ढेप वाढवली.
डेअरीवरचा पोरगा म्हणाला, काकू, फॅटही पडली.
यांनी अजून ढेप वाढवली.
मी म्हटलं, तिचं पोट नाही हो, पाय.
हे म्हणाले, दूध काय पायातून येते?

मागच्या दिवाळीत हा कोबा झाला.
त्याआधी मुरूम होता, पावसाळ्यात घोटाभर रेंदा,
आणि मीच मागे लागले होते, एकदाचं सिमेंट करा.
माणसं पाहायला आली.
शेण कसं एका बादलीत निघते, म्हणाली.
ओल्या सिमेंटवर पोरानं काडीनं तारीख लिहिली
आणि ठिपकी दावं तोडून तारखेवरून चालत गेली.
हे ओरडले, थापी घेऊन धावले.
एक खूर मात्र राहून गेला कोपऱ्यात:
दोन नख्या, बदामाच्या दोन फाकांसारख्या,
एकसारख्या.

आठव्या दिवशी उभ्या उभ्या तिची पाठ
वर ओढली गेली, आढ्याला टांगल्यासारखी.
यांना न विचारता मी फोन लावला आर्वीला,
गफूरभाई नालबंदाला.

लुनावर आले, मागे पत्र्याचा डबा बांधून.
रापी, कानस, चिमटा, दोर.
पन्नास गावांच्या बैलांना नाल ठोकले या माणसानं.
आता बैल कुठं, म्हणाले, ट्रॅक्टरला खूर नसते बापा.
बैलाच्या पायात ठोकत होतो,
गाईच्या पायातून काढतो.

मागचा उजवा पाय दोरानं बल्लीला बांधला.
ठिपकी एकदा झटकली,
मग माझ्या खांद्यावर रेलून उभी राहिली.
एवढं वजन
ती रोज कुठं ठेवत होती?

पहिलं कात्रण पडलं, शेणानं काळं.
दुसरं ओल्या खोबऱ्यासारखं.
कुत्रं आलं, उचलून पळालं.
तिसऱ्या कापाला फसकन काळं पाणी
आणि वास, असा की मी पदर नाकाला लावला.
त्यांनी मान नाही फिरवली.
बोटानं चाचपत गिट्टीचा खडा काढला,
तुरीच्या दाण्याएवढा,
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
हे घ्या तुमचं दीड लिटर.

हे दारात उभे होते केव्हाचे.

चांगल्या नखीखाली बाभळीचा ठोकळा चिकटवला,
दुखरी अधांतरी राहावी म्हणून,
महिनाभर, बहिणीच्या जिवावर.
ढेप कमी करा, कुटार वाढवा,
आठवड्यातून एकदा मोरचुदाच्या पाण्यातून काढा.
आणि हा कोबा...
त्यांनी चप्पल काढून अंगठा घासून पाहिला.
ही कानसच आहे भाऊ,
रात्रंदिवस चालू असलेली.

जाता जाता कोपऱ्यात वाकले,
त्या ठशावर बोट फिरवलं
आंधळा वाचतो तसं.
हिचाच?
मी म्हटलं, हो.
मग बुजवू नका. पुढच्या वेळी याच मापानं कापीन.
पैसे मोजून न घेता खिशात घातले.

संध्याकाळी हे कुणाशी न बोलता
बैलबंडीभर रेती मागून आले, नाल्याकाठची,
कोब्यावर फावड्यानं पसरत राहिले अंधार पडेपर्यंत.
वर तुरीचं कुटार.
ठशाचा कोपरा तेवढा उघडा ठेवला.

आता पहाटे जाते
तर ठिपकी उठते आणि काहीच वाजत नाही.
तीन की चार, कानाला कळत नाही.
बादली खाली ठेवून
रोज वाकून
पाहावंच लागते.